खंजीर खाली ठेवण्याची गोष्ट

'तिने खंजीर खाली ठेवला' हे वाक्य मी लबाडीनं वाचलं. म्हणजे वाक्यात लबाडी नव्हती, ती माझ्या आवाजात होती. शेवटचा शब्द जरा लांबवला, मागे एक हसू दडवलं, ऐकणाऱ्याला कळावं की बाई डाव टाकतेय, राजपुत्रा, सांभाळ. सहा दरवाजे पार करून आलेली बाई ती. विहिरीतलं विष तिनं नुसत्या वासावरून ओळखलं होतं, हाडांच्या पुलावरून ती चवड्यांवर चालत गेली होती, आणि तिसऱ्या दरवाजामागच्या भिंती तिला तिच्या मेलेल्या आईच्या आवाजात हाका मारत होत्या तेव्हा ती मोठमोठ्यानं पाढे म्हणत सरळ पुढे निघून गेली होती. पाढे! तिथं तर मी त्या लेखिकेला मनातल्या मनात हात जोडले होते. अशी बाई सातव्या दरवाजाशी, जिथे दोघांपैकी एकानंच जिवंत बाहेर पडायचं असा नियम आहे, खंजीर खाली ठेवते म्हणजे दुसरा कुठेतरी लपवलेला असणार, बुटात, केसांत, कुठेतरी. त्या दुसऱ्या खंजिराच्या भरवशावर मी पुढचं सगळं वाचत गेले. तो जवळ येतो, वाचलं. तिचे डोळे भरून येतात, वाचलं, त्या भरून येण्यातही थोडी फसवणूक मिसळली. पान उलटलं. दुसरा खंजीर नव्हता. ती त्याच्या छातीवर डोकं टेकून म्हणत होती की मला जिंकायचंच नव्हतं, कधीच नव्हतं, आणि तो दगडी दरवाजा त्यांच्या प्रेमापुढे मेणासारखा वितळत होता. मी वाचायची थांबले.

हेडफोनमध्ये मामांचा आवाज आला, काय झालं म्हणून. मामा म्हणजे आमचे ध्वनिमुद्रक, काचेपलीकडे यंत्रासमोर बसतात, स्टुडिओत सगळ्यांचेच मामा आहेत, त्यांच्याहून मोठ्या माणसांचेही. पोट वाजलं, असं मी सांगितलं. ही आमच्या धंद्यातली सोयीची थाप आहे. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसाचा माइक फार तिखट कानाचा असतो. पोट वाजलं, बाही घासली, जीभ टाळ्याला चिकटून सुटली, सगळं त्याला ऐकू जातं. म्हणून आत बसणाऱ्यानं उपाशी यायचं नाही, फार खाऊनही यायचं नाही, सुती कपडे घालायचे आणि राग आला तर नाकावाटे सोडायचा नाही. साधा उसासा टाकायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे खोली थंडगार असते आणि जवळ पाण्याची बाटली ठेवलेली असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी खांदे सैल सोडून, शिकवल्याप्रमाणे पोटातून सावकाश श्वास घेत बसले होते.

एरवी मी पुस्तक घरी वाचल्याशिवाय माइकसमोर बसत नाही. पेन्सिलीनं खुणा करते, कुठे थांबायचं, कुठे आवाज चोरायचा. पण हा मालिकेचा शेवटचा भाग, आणि शेवट बाहेर फुटू नये म्हणून प्रकाशकांनी शेवटचं प्रकरण बंद पाकिटात घालून आजच पाठवलं. निर्मातीनं ते माझ्यासमोर फोडलं आणि म्हणाली, मॅम, तुम्हीही पहिल्यांदाच वाचा, त्यातच तर मजा आहे. कसली डोंबलाची मजा! आधी वाचलं असतं तर मी माझी आवड-नावड घरीच उरकून आले असते, भांडी आपटून, नवऱ्यावर खेकसून, आणि इथे येऊन शांतपणे वाचलं असतं. आता माझा आवाज त्या बाईच्या चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला होता आणि ती आलीच नव्हती. दोन जाडजूड भाग मी तिला आवाज दिला. ती गोड बोलणारी नाही हे मी पहिल्याच प्रकरणात ठरवलं होतं. सर्दी होऊन गेल्यावर राहतो तसा थोडा खाली बसलेला, कोरडा आवाज मी तिला दिला, वाक्य तोडून टाकणारा. तो आवाज घशाला त्रास देतो, रात्री गुळण्या कराव्या लागतात, पण मला तो आवडायचा. खरं म्हणजे मला तीच आवडायची. या वयात तलवारी आणि राजवाड्यांच्या पुस्तकातल्या पोरीवर जीव लावायचा म्हणजे हसू येण्यासारखंच आहे, पण लावला होता खरा, आणि त्या लेखिकेनं शेवटच्या प्रकरणात तिला त्याच्या सिंहासनाशेजारी बसवलं. शेजारी, आणि एक पायरी खाली. ती पायरी तर मी तीनदा वाचून पाहिली, मला वाटलं माझीच काही चूक होतेय.

निर्माती आत आली. गुणी मुलगी आहे, माझ्या भाचीएवढी, सगळ्यांशी हळू बोलते आणि आपल्याला हवं तेच करून घेते. म्हणाली, मॅम, सगळं फार छान जातंय, फक्त खंजिरापासून परत घ्यावं लागेल, तिथे ऐकणाऱ्याला वाटतं की ती त्याला फसवणार आहे. मलाही तसंच वाटलं, मी म्हटलं. ती हसली. ती फसवत नाहीये मॅम, ती खरंच हरतेय. म्हणजे हरत नाहीये, प्रेम करतेय. मी तिला विचारलं, सहा दरवाजे काय हवा खायला पार केले होते का तिनं? निर्माती म्हणाली की लोकांना हाच शेवट हवा असतो, तिला स्वतःलाही वाचताना रडू आलं. मग जाता जाता तिनं ते म्हटलं ज्याची मी सकाळपासून वाट पाहत होते आणि जे टळावं म्हणून मनातल्या मनात घोकतही होते. "आणि तुमच्या दोघांची गोष्ट तर अगदी हीच आहे ना, मॅम. म्हणूनच तर पुस्तकाच्या शेवटी तुमच्या गप्पा ठेवल्यात."

आमच्या दोघांची गोष्ट. राजपुत्राची प्रकरणं माझा नवरा वाचतो. एक प्रकरण तिचं, एक त्याचं, अशी पुस्तकाची मांडणी आहे, आणि नवरा-बायकोच दोघांचे आवाज देतात म्हटल्यावर जाहिरातीला आयतंच कोलीत मिळालं. त्याचा आवाज घराघरात माहीत आहे. रेडिओवर बातम्या वाचण्यात त्याची सगळी नोकरी गेली, निवृत्त झाला तरी अजून दुकानात त्यानं नुसतं 'साखर आहे का' विचारलं तर माणसं मान वर करून बघतात. मी त्याची बायको, मीही वाचते. असंच म्हणतात लोक, मीही वाचते. आणि आमची गोष्ट अशी की रेडिओच्या त्या जागेसाठी आम्ही दोघंही शेवटच्या फेरीत होतो. नाटकाच्या ग्रुपमधली ओळख, एकमेकांवर जीव, आणि जागा एकच. चाचणीच्या दिवशी आधी तो वाचून आला, मग मी आत बसले, काचेतून त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि बातमीच्या मधोमध मुद्दाम अडखळले. मग पुन्हा अडखळले. मग माझी जागा गेली. ही गोष्ट आमच्या घरी पाहुणे आले की होते, लग्नाच्या वाढदिवसाला होते, लेकीच्या मैत्रिणी आल्या की होते. मी अडखळून दाखवते, अगदी हुबेहूब, सगळे हसतात, आणि मग तो नेहमीच्या जागी त्याचं वाक्य टाकतो, की त्या दिवशी मला नोकरी आणि बायको एकदमच लागली. बायका म्हणतात, किती गं गोड. मी चहा ठेवायला उठते. इतकी वर्षं सांगून सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली आहे, कुठे हाताला टोचत नाही. तिच्यात आदल्या संध्याकाळचा बसथांबा येत नाही.

मी परत वाचायला घेतलं. मामांनी आधीचं वाक्य कानात ऐकवलं, त्याला आवाज जुळवून पुढचं उचलायचं असतं, म्हणजे ऐकणाऱ्याला शिवण दिसत नाही. तिने खंजीर खाली ठेवला. जमलं नाही. आता लबाडी गेली होती आणि तिथे राग आला होता, ती खंजीर ठेवत नव्हती, आपटत होती. मामा म्हणाले, बाई, जरा सावकाश, फरशी फुटेल. पुन्हा घेतलं. सकाळचा प्रसंग माझ्या कानात होता, तो काही केल्या जात नव्हता. ध्वनिमुद्रण असलं की मी सकाळपासून बोलत नाही. उठल्यापासून स्टुडिओत पोचेपर्यंत एक अवाक्षर नाही, कोमट पाणी आणि गप्प. घरात त्याला आईचं मौन म्हणतात, दूधवाल्यालाही माहीत आहे. आणि आमची कन्यका नेमका असाच दिवस गाठते. पूर्वी गणितात कमी मार्क पडले की ती मौनाच्या दिवशीच सांगायची, मी नुसती डोळे वटारायचे, संध्याकाळपर्यंत राग शिळा व्हायचा. आज तिनं टोस्टवर लोणी लावता लावता सांगितलं की उद्याच्या निवड चाचणीत ती शेवटची पकड सोडणार आहे.

भिंत चढते माझी मुलगी. जिममधली ती उंच खोटी भिंत, रंगीत पकडी बसवलेली. लहानपणी खिडकीच्या गजांना लटकायची, मग तिला तिथे घातली, म्हटलं घरातले पडदे तरी वाचतील. आता तिच्या बोटांना घट्टे आहेत, नखांत खडूची पूड असते, जेवताना ताटाला पांढरे ठसे उमटतात. तिला वर चढताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भीती वाटली नाही, हेवा वाटला. शरीराचा कुठलाच भाग तिथे कुणाची परवानगी मागत नव्हता. राष्ट्रीय शिबिरासाठी क्लबातून एकच जागा आहे, मुलं-मुली मिळून एकच, आणि उरले आहेत दोघं, ही आणि सरडा. सरडा हे त्या मुलाचं क्लबातलं नाव, भिंतीला चिकटून राहतो म्हणून. चांगला मुलगा आहे, घरी येतो, चपला नीट काढून ठेवतो, मला काकू म्हणतो. दोघं एकमेकांचा दोर धरतात. एक वर, दुसरा खाली जमिनीवर, वरच्याचा हात सुटला तर खालच्यानं दोर आवळायचा, सगळा जीव त्या खालच्याच्या हातात. ती म्हणाली, त्याचं हे शेवटचं वर्ष आहे आई, पुढच्या वर्षी तो वयात बसत नाही, मला अजून एक संधी आहे. म्हणाली, मी अशी सोडेन की कुणाला कळणारसुद्धा नाही, हात घामेजला असं वाटेल. आणि मग पाठीमागून येऊन तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, लोण्याचे हात, आणि हसत हसत म्हणाली, "तू कशी अडखळलीस, तशीच."

मी बोलले नाही. मौन होतं ना! पाणी प्यायले. नवरा समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता, त्यानं ते खाली करून तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि परत वर केलं. स्टुडिओत पोचेपर्यंत सबंध रस्ताभर तो शेजारच्या सीटवर बसून राजपुत्राची वाक्यं ओठातल्या ओठात म्हणत होता आणि मी खिडकीबाहेर पाहत होते. मला बोलता आलं असतं. एवढा एक दिवस आवाज बसला असता तर काही आकाश कोसळलं नसतं. पण बोलायचं म्हणजे बसथांब्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तो शेजारी बसला होता. माणसं म्हणतात आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यात दातांना काही लागत नाही, एवढं कुणी सांगत नाही.

तिने खंजीर खाली ठेवला. आता वाक्य मऊ आलं. कसं आलं ते मला माहीत आहे. मी ते माझ्या लेकीच्या आवाजाजवळ नेलं, सकाळच्या त्या हसऱ्या, निवांत आवाजाजवळ, ज्याला वाटत होतं की आपण काहीतरी फार मोठं करतोय. एवढं केलं आणि पुढचं सगळं आपोआप सुटत गेलं. मला जिंकायचंच नव्हतं, ती म्हणाली, माझ्या घशातून म्हणाली, आणि ते खरं वाटलं. हाच माझा धंदा. कुणाचंही काहीही खरं वाटायला लावायचं. वाईट वाक्य वाईट वाचलं तर निदान लोकांना ते वाईट आहे एवढं तरी कळेल, पण माझ्या आवाजाला तशी सवयच नाही, त्याला वाक्य पडू देववत नाही, लगेच हात देऊन उभं करतो. सिंहासन, पायरी, सगळं मी वाचलं. पायरीवर तर मी असा काही आवाज खाली आणला की काचेपलीकडे निर्मातीनं डोळे पुसले. आणि तिच्या शेजारी, मामांच्या बाजूच्या स्टुलावर, पाठीवर दोराची पिशवी तशीच लटकवलेली माझी मुलगी बसली होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. सराव संपवून शेवट ऐकायला आली होती, ही मालिका ऐकणाऱ्या क्लबातल्या सगळ्यांच्या आधी. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती माझ्याकडे बघून अंगठा वर करत होती. मला त्या क्षणी स्वतःचा गळा स्वतःच्या हातानं आवळावासा वाटला.

मग गप्पा. माझ्या शेजारी दुसरी खुर्ची आली, दुसरा माइक आला, नवरा आत येऊन बसला. त्यानं घसा साफ केला आणि मला म्हणाला, सुंदर वाचलंस गं, गोड शेवट आहे. त्याला खरंच तसं वाटत होतं, तो खोटं बोलत नाही. हीच तर त्याची गंमत आहे, आयुष्यात तो कधी खोटं बोललेला नाही, दुसऱ्यांनी लिहून दिलेलं खरं धरून वाचत आला. निर्मातीनं बाहेरून पहिला प्रश्न विचारला आणि आम्ही सुरू झालो. तो नाटकाच्या ग्रुपबद्दल बोलला. मी त्याच्या तेव्हाच्या मिशांबद्दल बोलले, सगळे हसले. गाडी रुळावरून नीट चालली होती. मग चाचणीचा दिवस आला, मी खोलीचं वर्णन केलं, काच, लाल दिवा, हातातला बातमीचा कागद. आणि काचेतून ह्याचा उतरलेला चेहरा दिसला, मी म्हटलं, आणि इथे मी अडखळून दाखवायचं असतं. समोर काच होतीच. काचेपलीकडे एक चेहरा होता, पण तो उतरलेला नव्हता. तो हसायच्या तयारीत होता. माझी मुलगी ओठ किंचित उघडे ठेवून माझ्या अडखळण्याची वाट पाहत होती, लहान मूल पाठ गोष्टीतल्या आपल्या आवडत्या जागेची वाट पाहतं तशी, आणि मला दिसलं की ही आजची नाही, ही गेली कित्येक वर्षं अशीच वाट पाहत बसली आहे आणि मी दर वेळी तिला ते देत आले आहे. त्या लेखिकेच्या नावानं मी मघापासून बोटं मोडत होते. तिच्या पुस्तकाला कोण विचारतो! पोरीनं पकड सोडायची विद्या पुस्तकातून घेतली नव्हती. तिला ती घरीच मिळाली होती, चहाबरोबर.

मी थांबले. मामांनी पोटाकडे बोट दाखवून विचारलं, पोट वाजलं का. मी नाही म्हणून मान हलवली. माइकमध्येच, जो चालू होता, मी मुलीला विचारलं, "उद्या सोडायचं हे सरड्यानं मागितलं का तुझ्याकडे?"

ती दचकली. तिचे ओठ हलले पण काचेतून काही ऐकू येत नाही. मामांनी तिच्यासमोरचं बटण दाखवलं, ते दाबून धरलं की बाहेरचं आत ऐकू येतं. तिनं ते दाबलं. मागितलं नाही, ती म्हणाली, तो तसा नाहीये. मग बोट उचललं, मग पुन्हा दाबलं. "तो म्हणाला, तुला वाटेल ते कर, मी काही म्हणणार नाही. फक्त तू गेलीस तर मग आपलं पुढे कठीण आहे, असं म्हणाला. मी असाच आहे, काय करू, म्हणाला."

नवऱ्याची खुर्ची करकरली. आमच्याकडच्या खुर्च्या करकरत नाहीत, तशाच निवडून आणलेल्या असतात, माणूस फार जोरात हलला तरच करकरतात. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला तो बसथांबा दिसत होता. पत्र्याचं छप्पर, वर्तमानपत्र अंथरून बसलेली एक बाई, माझ्या हातात उद्याच्या तयारीचे कागद, आणि शेजारी हा, तेव्हा मिशा असलेला, रस्त्याकडे बघत बोलणारा. तुला वाटेल ते कर. मी काही म्हणत नाही. उद्या तुझं झालं तर मला आपलं काही जमेलसं वाटत नाही, एवढंच. मी असा आहे, काय करू. आणि त्याची बस आली आणि तो चढला, आणि मी माझी बस सोडली, तिच्यामागचीही सोडली. तेव्हा मला राग का आला नव्हता हे मला आजवर समजलेलं नाही. वाईट वाटलं होतं, त्याचंच. बिचारा किती खरं बोलतो, असं वाटलं होतं! राग कुठे जाऊन बसला होता कोण जाणे, पण तो मेला नव्हता, आणि आज तो चक्रवाढ व्याजासकट घशाशी आला होता.

"यालाच मागणं म्हणतात," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनीही असंच मागितलं होतं. आदल्या संध्याकाळी, बसथांब्यावर. मी त्याचा चेहरा पाहून वगैरे अडखळले नाही. मी घरूनच ठरवून निघाले होते."

मुद्रण थांबवा म्हणून निर्मातीनं मामांच्या खांद्यावर हात ठेवला, मामांनी तो पाहिला नाही. नवऱ्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मी तसं म्हणालो नव्हतो, तो म्हणाला, म्हणजे त्या अर्थानं नव्हतो म्हणालो. त्याचा तो प्रसिद्ध आवाज, वादळ आलं, सरकार पडलं तरी न हललेला, आताही हलला नव्हता. आणि मला त्याचाही राग आला, की इतकं होऊन याचा आवाज सुंदरच राहतो. मी त्याला म्हटलं, शब्दसुद्धा हेच होते. तुझी बस आधी आली. तो म्हणाला, तू कधी बोलली नाहीस. ते खरं होतं. मी कधी बोलले नाही, उलट आलेल्या-गेलेल्याला हसवत राहिले, आणि तो ते ऐकून ऐकून स्वतःही विसरला असेल. विसरूही शकतो माणूस. ज्याला मिळतं तो विसरू शकतो.

मग हेडफोनमध्ये खट् झालं. मुलीनं बटण दाबलं होतं. ती रडत नव्हती, मघाचं पुस्तकाचं पाणी गालावर वाळलं होतं. तिनं विचारलं, "आई, तुला ती नोकरी हवी होती का?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली, पाहुण्यांनी, मैत्रिणींनी, त्याच्या आईनं, माझ्या आईनं, त्यांनी अडखळले कशी ते विचारलं, साहेब काय म्हणाले ते विचारलं, लग्न कधी केलं ते विचारलं. मी स्वतःही नव्हतं विचारलं. तोंड उघडलं तर माझा आवाज नेहमीसारखा पुढे आला नाही, त्याला जे काही करता येतं त्यातलं त्यानं काही केलं नाही.

"हो," मी म्हटलं. "फार हवी होती. मी त्याच्याहून चांगली वाचत होते."

नवऱ्यानं खाली मान घालून हळूच म्हटलं, हो, वाचत होतीस. हे त्याला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर तो बसथांब्यावर आला होता. मला त्यावर बोलायचं पुष्कळ होतं, घरी जायचं होतं, अजून आयुष्य काढायचं होतं, ते तिथे बोलता येईल. माझं लक्ष काचेकडे होतं. मुलीनं बटणावरून बोट काढलं, पाठीवरची पिशवी खाली उतरवली आणि फोन काढला. तिथून बाहेर जाऊन बोलायला हवं होतं तिनं, पण ती तिथेच उभी राहिली, आमच्या समोर, स्टुडिओत फोन वापरायचा नाही असं लिहिलेल्या पाटीखाली. निर्माती काहीतरी म्हणाली असावी, मुलीनं तिला हातानं थांबवलं. पलीकडून सरड्यानं उचलला. सुरुवातीला ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि तो काय म्हणत असेल ते मला जसंच्या तसं म्हणून दाखवता आलं असतं. मग ती बोलायला लागली. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण तिच्या मानेवरची शीर फुगलेली दिसत होती, खडूनं पांढरा झालेला हात हवेत वर-खाली होत होता, आणि ती पुन्हा पुन्हा एकच काहीतरी म्हणत होती. तिचा चढलेला आवाज काचेतूनसुद्धा दिसत होता. मामांनी आपली खुर्ची तिच्यापासून जरा लांब सरकवली.